गेमिंग पीसी घेताय? आधी प्रत्येक पार्टचं पूर्ण नाव लिहून घ्या

मावसबहिणीनं एके दिवशी व्हॉट्सॲपवर एका कोटेशनचा फोटो पाठवला. मुलाची बारावी झाली होती, त्याला गेमिंग पीसी कबूल केलेला. "पंचावन्न हजार सांगतोय, घेऊ का?" कागदावर चारच ओळी होत्या. आय-सेव्हन प्रोसेसर. सोळा जीबी रॅम. चार जीबी ग्राफिक्स कार्ड. एक टीबी हार्ड डिस्क.

मी विचारलं, "आय-सेव्हन कुठला?"

"अरे, आय-सेव्हन म्हणजे आय-सेव्हन. सगळ्यात भारी तोच ना?"

इथेच माणूस फसतो. आय-सेव्हन या नावाचे प्रोसेसर इंटेल २००८ पासून विकतंय. तिला दुकानात फोन करून पूर्ण नाव विचारायला लावलं. बऱ्याच टाळाटाळीनंतर कळलं, आय७-३७७०. म्हणजे २०१२ सालचा, चार कोअरचा (कोअर म्हणजे आत हिशेब करणारी केंद्रं). ऑफिसांनी काढून टाकलेल्या मशिनांतून असे प्रोसेसर बाजारात ढिगानं येतात. विंडोज ११ ला तो अधिकृतपणे चालत नाही, आणि विंडोज १० चे नेहमीचे मोफत अपडेट मायक्रोसॉफ्टनं १४ ऑक्टोबर २०२५ पासून थांबवले. ग्राफिक्स कार्ड निघालं जीटी ७३०, २०१४ सालचं. त्यावर चार जीबी मेमरी होती हे खरं, पण लुनाला ट्रकची टाकी बसवली तरी ती लुनाच धावणार.

चारही ओळींत खोटं एक अक्षर नव्हतं, आणि तरी त्या पैशांत मुलाच्या यादीतला एकही नवा गेम नीट चालला नसता.

मी इंजिनीअर नाही, हिशेबाची कामं करतो. आजवर घरच्यांसाठी आणि ओळखीच्यांसाठी सात-आठ पीसी उभे करून दिले, ते एकाच सवयीच्या जोरावर: प्रत्येक पार्टचं कंपनीसकट पूर्ण नाव कागदावर आल्याशिवाय पैसे काढायचे नाहीत. पूर्ण नाव हातात असलं की बाकीचं इंटरनेटवर पाच मिनिटांत कळतं. ते कसं करायचं, ते खाली क्रमानं सांगतो.

आधी गेम, मग मशीन

ज्याच्यासाठी पीसी घ्यायचा त्याला समोर बसवा आणि खेळायचे असलेले तीन-चार गेम लिहून घ्या. "सगळे" हे उत्तर मान्य करू नका. व्हॅलोरंट, काउंटर-स्ट्राइक २ असे स्पर्धेचे गेम तुलनेनं हलके असतात. सायबरपंक २०७७ किंवा ब्लॅक मिथ: वुकाँग हे वेगळं प्रकरण आहे, ते मशिनाचा घाम काढतात.

मग स्टीम या गेम विकणाऱ्या वेबसाइटवर (तिथे नसलेल्या व्हॅलोरंटसारख्या गेमसाठी त्याच्या स्वतःच्या वेबसाइटवर) त्या गेमचं पान उघडा. अगदी खाली मशीन कसं हवं त्याचे दोन रकाने असतात, मिनिमम आणि रेकमेंडेड. मिनिममचा रकाना विसरा. त्यात गेम फक्त उघडतो. रेकमेंडेडच्या रकान्यात ग्राफिक्स कार्ड, प्रोसेसर आणि रॅमची नावं असतात, ती तशीच्या तशी उतरवून घ्या. यादीतल्या सर्वांत जड गेमसाठी जे कार्ड लिहिलंय ते तुमचं किमान. आणखी एक गोष्ट: २०२४-२५ मध्ये आलेले इंडियाना जोन्सवरचा गेम आणि डूम: द डार्क एजेस, हे दोन्ही रे ट्रेसिंग (उजेड-सावल्या खऱ्यासारख्या दाखवायची पद्धत) करू शकणारं कार्ड नसेल तर सुरूच होत नाहीत. जीटीएक्स नावाच्या जुन्या कार्डांत ती सोय नाही, त्यामुळे "जुनं जीटीएक्स कार्ड स्वस्तात देतो" म्हटलं तर विचार करा.

मग मॉनिटर

बहुतेक लोक मॉनिटर शेवटी उरलेल्या पैशांत घेतात. माझ्या मते तो आधी ठरवावा, कारण कार्डाला किती काम पडणार हे त्यावर ठरतं. १०८०पी स्क्रीनवर सुमारे २०.७ लाख ठिपके असतात, १४४०पी वर ३६.९ लाख आणि फोरकेवर जवळजवळ ८३ लाख. यातला प्रत्येक ठिपका कार्डाला सेकंदाला साठ-शंभर वेळा रंगवायचा असतो. म्हणजे फोरके मॉनिटर घेतलात की १०८०पी च्या चौपट ठिपक्यांचं ओझं कार्डावर टाकलंत.

पहिल्या पीसीसाठी २४ इंची, १०८०पी, १४४ हर्ट्झ (सेकंदाला १४४ वेळा चित्र बदलणारा) किंवा त्याहून जास्त, आयपीएस पॅनल (बाजूनं पाहिलं तरी रंग फारसे न बदलणारा पडदा). एवढं लिहून दुकानात द्या. हात सैल असेल तर २७ इंची १४४०पी. फोरकेच्या वाटेला लागू नका.

पैशांची वाटणी

समजा हातात एक लाख आहेत. त्यातले २०–२५ हजार मॉनिटर, कीबोर्ड, माउस, हेडफोन आणि यूपीएससाठी आधीच बाजूला काढा. हे न केल्यामुळे लोक शेवटी कॅबिनेट घरी आणतात आणि जुन्या ऑफिसच्या मॉनिटरवर खेळत बसतात. उरलेल्या ७५ हजारांतला साधारण ४० टक्के वाटा एकट्या ग्राफिक्स कार्डाचा. गेमिंगमध्ये हेच एक ठिकाण आहे जिथे टाकलेला रुपया डोळ्यांना दिसतो. रंगीत दिवे, काचेची कॅबिनेट, पाण्यावर चालणारा कूलर यांतलं काहीही गेमचा वेग वाढवत नाही. मुलाला दिवे हवेच असतील तर सर्वांत शेवटी, उरल्या पैशांत.

भाव मात्र त्या आठवड्याचे बघा. २०२५ च्या अखेरीस एआयच्या डेटा सेंटरांनी मेमरीची मागणी एवढी वाढवली की रॅमचे भाव काही महिन्यांत दुपटीच्या वर गेले. सहा महिन्यांपूर्वीच्या व्हिडिओतली यादी घेऊन दुकानात गेलात तर दुकानदाराशी उगाच वाद होईल, आणि त्यात चूक त्याची नसेल.

कार्डाचं नाव वाचायला शिका

एनव्हिडियाचं आरटीएक्स ५०६० घ्या. पहिले दोन आकडे पिढी सांगतात, शेवटचे दोन त्या पिढीतली पायरी. ५० धाकटं, ६० मधलं, ७० वरचं, ८० आणि ९० ज्यांना पैशाची फिकीर नाही त्यांचं. एएमडीच्या आरएक्स ९०६० एक्सटीमध्येही ९० ही पिढी आणि ६० ही पायरी. नावामागचं टीआय, सुपर किंवा एक्सटी हे शेपूट सोडू नका. त्यानं कार्ड बदलतं आणि किंमतही.

नावाइतकीच मेमरीही लिहून घ्या. आरएक्स ९०६० एक्सटी आठ जीबीत येतं आणि सोळा जीबीतही. आरटीएक्स ३०५० तर आणखी फसवं आहे. त्याचं सहा जीबीचं कार्ड आठ जीबीच्या कार्डापेक्षा नुसत्या मेमरीत कमी नाही, आतली चिपही कापलेली आहे. डब्यावर नाव तेच.

१०८०पी साठी आरटीएक्स ५०६० किंवा आरएक्स ९०६० एक्सटी पुरेसं होतं. १४४०पी साठी आठ जीबी आता तोकडी पडते. सोळा जीबीचं ९०६० एक्सटी घ्या, किंवा झेपत असेल तर बारा जीबीचं आरटीएक्स ५०७०. जीटी ७१०, जीटी ७३०, जीटी १०३० ही नावं कोटेशनवर दिसली तर कागद परत करा. ती कार्डं ऑफिसच्या मॉनिटरवर चित्र दाखवायला आहेत, गेमिंगला नाहीत.

हॉस्टेलला जायचं असेल तर लॅपटॉपला पर्याय नाही, पण तिथे एक खबरदारी घ्या. लॅपटॉपमधलं आरटीएक्स ५०७० आणि डेस्कटॉपचं आरटीएक्स ५०७० ही एक वस्तू नव्हे. लॅपटॉपवाल्यात आठ जीबी मेमरी, डेस्कटॉपवाल्यात बारा, आणि विजेचा पुरवठाही कितीतरी कमी. शिवाय चार वर्षांनी लॅपटॉपमधलं कार्ड बदलता येत नाही. घरीच राहणाऱ्या मुलासाठी मी दर वेळी डेस्कटॉपच सुचवतो.

प्रोसेसर, बोर्ड, रॅम, एसएसडी

यात फार वेळ घालवू नका. सहा कोअरचा अलीकडचा प्रोसेसर बहुतेकांना पुरतो. एएमडीचा रायझन ५ ७६०० चांगला, कारण त्याचा एएम५ सॉकेट (मदरबोर्डवरची प्रोसेसर बसायची जागा) पुढच्या काही वर्षांच्या प्रोसेसरनाही चालणार आहे. नंतर बोर्ड तोच ठेवून प्रोसेसर तेवढा बदलता येईल. बजेट आवळून असेल तर इंटेलचा आय५-१२४००एफ अजूनही काम देतो. नावातल्या एफचा अर्थ, त्यात स्वतःचं ग्राफिक्स नाही. कार्ड घेणारच आहात, त्यामुळे काही बिघडत नाही. प्रोसेसर सीलबंद डब्यातलाच मागा. सुटा, ट्रेमधला प्रोसेसर थोडा स्वस्त पडतो, पण त्याची वॉरंटी बऱ्याचदा दुकानाच्या शब्दावर असते.

रॅम सोळा जीबी, आणि शक्य तर आठ-आठच्या दोन पट्ट्या. एका पट्टीवर मशीन चालतं पण धीमं पडतं. हार्ड डिस्कऐवजी एसएसडी, तीही एनव्हीएमई या वेगवान प्रकारची, किमान एक टीबी. रेड डेड रिडेम्प्शन २ हा एकटा गेम १५० जीबी मागतो. विंडोजमध्ये एक टीबीच्या जागी ९३१ जीबी दिसले तर घाबरू नका, कंपनी आणि विंडोज यांची मोजायची रीत वेगळी आहे.

एसएमपीएस, अर्थिंग आणि यूपीएस

इथे मी सगळ्यात जास्त हट्ट करतो, कारण माझा स्वतःचा पहिला पीसी याच पायी गेला. कॅबिनेटसोबत "फुकट" मिळालेला एसएमपीएस (सगळ्या पार्टांना वीज पुरवणारा डबा) होता, त्यावर ठळक अक्षरांत ४५० वॅट. मे महिन्यातली संध्याकाळ, वीज दोनदा लुकलुकली, खोलीत जळक्या प्लॅस्टिकचा वास पसरला आणि मशीन बंद झालं. एसएमपीएस गेला तो गेलाच, जाताना बोर्ड आणि कार्डही घेऊन गेला. दुकानदार म्हणाला, व्होल्टेजमुळे जळलेल्याला वॉरंटी नाही. उघडून पाहिलं तर तो डबा हातात पोह्याच्या पाकिटाइतका हलका होता.

म्हणून एसएमपीएस वेगळा घ्या, नावाजलेल्या कंपनीचा, निदान पाच वर्षांच्या वॉरंटीचा, आणि त्यावर ८० प्लस ब्राँझ किंवा गोल्ड (वीज कमी वाया जाते याचा शिक्का) लिहिलेलं असू द्या. आरटीएक्स ५०६० साठी कंपनी ५५० वॅट सांगते, ५०७० साठी ६५०. मी दोन्हींना ६५० घेतो, पुढे कार्ड बदललं तर एसएमपीएस बदलावा लागत नाही.

पीसी आणायच्या आधी घरचं अर्थिंग तपासा. आधीचा पीसी असेल तर त्याच्या कॅबिनेटच्या धातूला हात लावल्यावर मुंग्या आल्यासारखं झालं तर अर्थिंग नाही असं समजा. जुन्या वाड्यांत आणि चाळींत थ्री-पिन सॉकेट असतं, पण वरच्या मोठ्या भोकामागे वायरच नसते. वायरमनला बोलवून मल्टिमीटरनं मोजून घ्या: फेज आणि अर्थिंगमध्ये जवळजवळ २३० व्होल्ट यायला हवेत, न्यूट्रल आणि अर्थिंगमध्ये जेमतेम दोन-तीन. दोन-तीनशे रुपयांचं हे काम लाखाच्या मशिनाला वाचवतं.

यूपीएसच्या डब्यावर व्हीए लिहिलेलं असतं. ते वॅट नव्हेत. ६०० व्हीएचा नेहमीचा यूपीएस साधारण ३६० वॅटच पेलतो. एकट्या आरटीएक्स ५०७० लाच २५० वॅट लागतात. प्रोसेसर आणि मॉनिटर धरले की ऐन गेममध्ये यूपीएस किंचाळून बंद पडतो. १००० व्हीए, ६०० वॅटचा घ्या. तासभर खेळता यावं म्हणून नव्हे, वीज गेल्यावर गेम सेव्ह करून मशीन नीट बंद करायला पाच मिनिटं मिळावीत म्हणून.

कॅबिनेट पुढून जाळीची हवी. नागपूर-चंद्रपूरकडच्या उन्हाळ्यात बंद काचेच्या तोंडाची कॅबिनेट म्हणजे भट्टी. आणि ती टेबलाच्या लाकडी कप्प्यात कोंबू नका.

कोटेशन आणि खरेदी

आता एक कोरा कागद घ्या आणि त्यावर आठ ओळी आखा: प्रोसेसर, बोर्ड, रॅम, ग्राफिक्स कार्ड, एसएसडी, एसएमपीएस, कॅबिनेट, मॉनिटर. प्रत्येकीपुढे चार रकाने: कंपनी आणि पूर्ण मॉडेल, किंमत, जीएसटी धरून की सोडून, वॉरंटी किती वर्षं आणि कोणाची. हा कागद तीन दुकानांत दाखवा. मुंबईत ग्रँट रोड स्टेशनजवळचा लॅमिंग्टन रोड यासाठी जुना ठिकाणा आहे. तालुक्याच्या गावी राहत असाल तर प्राइमएबीजीबी किंवा एमडी कॉम्प्युटर्स अशा दुकानांच्या वेबसाइटवर त्या दिवशीचा भाव पाहा आणि तो घेऊन गावातल्या दुकानात जा. पार्टांवर १८ टक्के जीएसटी आहे. "बिल नको असेल तर कमी करतो" म्हटलं तर नाही म्हणा. बिल नसेल तर वॉरंटीच्या दारातही कोणी उभं करत नाही.

गावातला दुकानदार दोन-तीन हजार जास्त सांगत असेल आणि बिघाड झाल्यावर स्वतः पार्ट सर्व्हिस सेंटरला पाठवत असेल, तर मी त्याच्याकडूनच घेईन. मुंबईला कार्ड कुरिअर करून महिनाभर वाट पाहण्यापेक्षा ते बरं. पण "हा पार्ट नाहीये, तसाच दुसरा टाकतो" हे वाक्य आलं की थांबा. दुसऱ्याचं पूर्ण नाव लिहून घ्या, घरी जा, बघा, मग होय म्हणा.

सेकंड हँड कार्डाबद्दल: अगदी अनुभवी माणूस सोबत असेल तरच. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियम या आभासी चलनाचं मायनिंग (कार्डं सतत चालवून ते चलन कमावणं) बंद झालं तेव्हा महिनोन्‌महिने रात्रंदिवस तापलेली कार्डं बाजारात आली, आणि जुन्या कार्डावर नव्याचं नाव चढवून विकणारेही आहेत. जीपीयू-झेड नावाचं फुकट सॉफ्टवेअर अशी बरीच नकली कार्डं ओळखतं.

दुकानातून हलण्याआधी

मशीन जोडताना समोर बसा. डबे तुमच्यासमोर फुटू द्या, प्रत्येक डब्यावरच्या सीरियल नंबरचा फोटो काढा आणि बिलावर तेच नंबर आहेत का पाहा. बोर्डाला रॅमच्या चार खाचा असतील तर दोन पट्ट्या सहसा प्रोसेसरकडून मोजून दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत लागतात.

विंडोज चालू झालं की कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. त्यातल्या परफॉर्मन्सच्या पानावर प्रोसेसर, रॅम, डिस्क आणि कार्ड यांची नावं दिसतात. कागदाशी एकेक ताडून पाहा. रॅम ६००० वेगाची घेतली असेल आणि तिथे ४८०० दिसत असेल तर बायोसमधलं (विंडोजच्या आधी उघडणारं बोर्डाचं सेटिंग) एक्स्पो किंवा एक्सएमपी, म्हणजे रॅमला तिच्या पूर्ण वेगानं चालवणारी सोय, चालू करून मागा, दोन मिनिटांचं काम आहे. मग एखादा जड गेम किंवा चाचणीचं सॉफ्टवेअर वीस मिनिटं चालवायला सांगा. मशीन मध्येच बंद पडलं, स्क्रीनवर रंगीत ठिपके आले, तर ते दुकानातच कळलेलं बरं.

विंडोज कुठलं टाकलं तेही विचारा. फुकटात "ॲक्टिव्हेट" करून देणाऱ्या सॉफ्टवेअरमधून पासवर्ड चोरणारे व्हायरस येतात, आणि त्याच मशिनावर घरचं नेट बँकिंग होणार असतं. शिवाय विंडोज ११ वर व्हॅलोरंटला टीपीएम २.० आणि सिक्युअर बूट (बोर्डातल्या सुरक्षिततेच्या दोन सोयी) चालू असावं लागतं. तेही तिथेच करून घ्या.

घरी आल्यावर

कॅबिनेटच्या मागे मॉनिटरची केबल घालायला दोन जागा दिसतात: वर बोर्डाची, उभी, खाली कार्डाची, आडवी. केबल खालच्या, कार्डाच्या जागेत घालायची. भाच्यानं पहिल्या रात्री साडेअकराला फोन केला, "मामा, गेम नुसता अडकतोय, कार्ड खराब दिलंय." मी त्याला मोबाइलचा टॉर्च लावून मागचा फोटो काढायला सांगितला. केबल वर बोर्डात होती. त्याचा रायझन ५ ७६०० स्वतःच्या चिमुकल्या ग्राफिक्सवर चित्र दाखवत होता आणि महागाचं कार्ड रिकामं बसलं होतं. एफवाला प्रोसेसर असता तर स्क्रीन काळीच राहिली असती.

दुसरं, विंडोज बहुधा मॉनिटर ६० हर्ट्झवरच चालवतं. डिस्प्ले सेटिंगमध्ये ॲडव्हान्स्ड डिस्प्लेत जाऊन १४४ निवडा, नाहीतर त्या मॉनिटरचे जास्तीचे पैसे वाया. मग कार्डाचा ड्रायव्हर (कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर) एनव्हिडिया किंवा एएमडीच्या स्वतःच्या वेबसाइटवरून उतरवून टाका.

कार्ड आणि बोर्डाची खोकी आतल्या थर्माकोल-फोमसकट निदान वर्षभर माळ्यावर ठेवा. सर्व्हिस सेंटरला पार्ट पाठवायची वेळ आली तर त्यातच नीट जातो. बिल थर्मल कागदावर असेल तर त्याच दिवशी फोटो काढून स्वतःला ईमेल करा. तसल्या कागदाची शाई उडून जाते आणि वॉरंटी तीन वर्षांची असते.